आत्याबाईंचा राग

संध्या तायडेला कोणी शिक्षण विचारलं की ती "बारावी" म्हणायची आणि समोरच्याने श्वास घ्यायच्या आत पुढे जोडायची, "मराठीत कॉलेजात पहिली होती मी." हे दुसरं वाक्य आजवर कोणी विचारलेलं नव्हतं. पण अठ्ठावीस वर्षं ती ते न चुकता सांगत आली होती, आणि ऐकणाऱ्यांनीही ते फारसं मनावर घेतलं नव्हतं.

बारावीवरच गाडी का थांबली, हे मात्र ती सांगत नसे. सांगण्यासारखं होतं कुठे? घरच्यांनी शिकू दिलं नाही म्हणावं, तर वडील बुधाजी मोर्शीच्या कचेरीत शिपाई होते आणि पोरगी मास्तरीण व्हावी म्हणून पोटाला चिमटा घेऊन बसले होते. नंबर लागला नाही म्हणावं, तर डी.एड.ला नंबर लागला होता. फक्त पहिल्या यादीत नाही, दुसऱ्या यादीत लागला. वर्गात आपल्यामागे बसणारी पोरगी पहिल्या यादीत आणि आपण दुसऱ्या, एवढ्यावरून बाईसाहेबांचं नाक जे वर गेलं ते खाली आलंच नाही. बुधाजींनी दोन दिवस बंद दारापाशी बसून विनवण्या केल्या. तिसऱ्या दिवशी प्रवेशाची मुदत संपली. त्यांनी तिची गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेत ठेवून दिली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पुढच्या वर्षी लग्न झालं आणि संध्या अमरावतीला अश्विन तायडेच्या घरी आली.

अश्विनचं बस स्थानकाजवळ झेरॉक्सचं दुकान होतं. पुढे त्यात संगणक आला, "ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील" अशी पाटी आली आणि संगणकासमोरची खुर्ची संध्याने धरली ती कायमची. तलाठी, वनरक्षक, लिपिक, पोलीस, कोणत्या भरतीला वयाची अट काय आणि कोणता दाखला लागतो, हे तिला तोंडपाठ असायचं. पोरं फॉर्म भरून जायची, नोकरीला लागायची, मोटारसायकल घेऊन पेढे द्यायला यायची. संध्या पेढा खायची आणि पुढचा फॉर्म उघडायची.

एक दिवस शेषराव सर दुकानात आले. अंध विद्यालयातून निवृत्त झालेले मास्तर, नाकासमोर चालणारे आणि कमी बोलणारे. त्यांच्या एका विद्यार्थिनीची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती आणि ऐन वेळी लेखनिकाने पाठ दाखवली होती. लेखनिक म्हणजे अंध उमेदवाराच्या शेजारी बसून पेपर वाचून दाखवणारा आणि तो सांगेल ते उत्तर लिहिणारा माणूस. त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा कमी असावं लागतं. उमेदवार पदवीधर, म्हणजे लेखनिक बारावी चालेल, असं सर म्हणाले. जन्मात पहिल्यांदा संध्याची बारावी कुणाच्या कामी येत होती. तिने लगेच हो म्हटलं.

तेव्हापासून आठ वर्षांत तिने तेवीस परीक्षांना लेखनिक म्हणून काम केलं. कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. वाचायची फार सुरेख. कुठे थांबायचं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, हे तिला उपजतच कळत होतं. परीक्षेच्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसायची, केस नीट बांधायची आणि केंद्रावर अर्धा तास आधी पोचायची. अश्विन चेष्टेने म्हणायचा की पेपर कुणाचा आहे तेच समजत नाही बुवा. संध्या हसायची, पण तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं. त्या खोलीत बसलं की तिला आपलाच पेपर आहे असं वाटायचं.

आणि तिथेच घोळ होता. पहिल्याच परीक्षेला, मोर्शीच्या करिश्माच्या वेळी, एका समानार्थी शब्दाला करिश्मा म्हणाली "दोन", आणि उत्तर होतं चार. संगणकावरची परीक्षा, माऊस संध्याच्या हातात. तिने चारवर टिचकी मारली. करिश्माला नोकरी लागली. ती संत्रा बर्फीचा डबा घेऊन आली, संध्याच्या पाया पडली आणि म्हणाली, ताई, हे तुमच्यामुळे. संध्या मनात म्हणाली की बाई, तुला माहीत नाही किती खरं बोलतेस ते.

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक पेपरात एखाद-दुसरं उत्तर बदललं जायचं. जास्त नाही, आणि तेही फक्त मराठीच्या भागात. डोळ्यांदेखत चूक होतेय आणि आपण गप्प बसायचं, हे तिच्याने होत नसे. याला लबाडी म्हणतात हे तिच्या मनात कधी आलंच नाही. ती याला मदत म्हणत होती.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर अकोल्याहून नईमभाईंचा फोन आला. शेषराव सरांचाच जुना विद्यार्थी. लहानपणी तापात डोळे गेले, अमरावतीच्या वसतिगृहात राहून शिकला, बी.ए. झाला. भाऊ कुर्बानचं अकोल्यात गादी-रजईचं दुकान होतं, तिथे बसून हा गाद्यांना टाके घालायचा. एका सरकारी खात्यात लिपिकाची जागा निघाली होती, अंधांसाठी राखीव अशी एकच. नईमभाईंनी वयाची पंचेचाळीस वर्षं त्याच वर्षी पुरी केली होती, आणि दिव्यांगांनाही पंचेचाळीसच्या पुढे फॉर्म भरता येत नाही. याआधी सहा वेळा थोडक्यात राहिलं होतं. आता ही शेवटची खेप होती, ही गेली की उरलेलं आयुष्य भावाच्या दुकानात टाके घालत काढायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ते भाची तुबाला घेऊन दुकानात आले. उंच, किडकिडीत माणूस, बोटांना सुईचे घट्टे पडलेले. तुमच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून थोडं वाचून दाखवता का, असं त्यांनी विचारलं. संध्याने पेपरातला अग्रलेख वाचून दाखवला. ते मान खाली घालून ऐकत होते आणि मधेच थांबवून एखादी ओळ परत वाचायला लावत होते. मग स्वतःहून म्हणाले की घरी आमची बोली वेगळी, मराठी मी शाळेत शिकलो, त्यामुळे कुठलाच शब्द मी गृहीत धरत नाही, मागचं-पुढचं वाक्य चाचपून अर्थ लावतो. संध्याने यातलं "घरी आमची बोली वेगळी" एवढंच ऐकलं. मराठीचा भाग या माणसाला जड जाणार, अशी तिने मनाशी खूणगाठ बांधली.

केंद्र बडनेरा रस्त्यावरच्या एका कॉलेजात होतं. लेखनिकवाल्यांना वेगळी खोली दिली होती. तीन जोड्या तीन कोपऱ्यांत बसल्या होत्या आणि पर्यवेक्षक बाई दाराशी होत्या. शंभर प्रश्न, एकेकाला दोन गुण, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. सुरुवातीलाच मराठीचे पंचवीस, त्यांतले शेवटचे पाच उताऱ्यावरचे. पहिले वीस झपाझप झाले. नईमभाई नंबर सांगायचे, संध्या टिचकी मारायची. मग उतारा आला. तिने घसा साफ करून वाचायला घेतला.

"दत्तू घरी पोचला तेव्हा आत्याबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून पाहिले नाही. 'ताट झाकून ठेवले आहे, हातपाय धुऊन घे,' एवढेच म्हणाल्या. दत्तू मुकाट्याने जेवायला बसला. भाजी गार झाली होती, भाकरी वातड झाली होती. त्याने पहिला घास घेतला तोच आत्याबाई सूप बाजूला सारून आत गेल्या. थोड्या वेळाने चुलीवर तवा टाकल्याचा आवाज आला."

तेविसावा प्रश्न होता, दत्तूविषयी आत्याबाईंच्या मनात कोणता भाव आहे? पर्याय चार. एक, राग. दोन, भीती. तीन, माया. चार, तिटकारा.

संध्याला उत्तर वाचता वाचताच कळलं. राग, दुसरं काय? अश्विन उशिरा घरी आला की ती स्वतः हेच करायची. मान वर करायची नाही, ताट झाकून ठेवलंय म्हणायचं आणि त्याने गार खाल्लेलं मुकाट्याने बघायचं. आत्याबाईंना तिने त्या दोन ओळींतच ओळखलं. मराठीत पहिली आलेल्या बाईला हेही कळू नये म्हणजे काय!

नईमभाई मात्र थांबले होते. शेवटच्या दोन ओळी परत वाचता का, म्हणाले. संध्याने वाचल्या. परत एकदा, म्हणाले. तिने परत वाचल्या, या वेळी जरा धारदार आवाजात, कारण घड्याळ पळत होतं. त्यांनी बोटं एकमेकांवर घासली आणि म्हणाले, "तीन."

संध्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शांत, खात्रीचा चेहरा होता. तिला दया आली. बिचारा, एवढी मेहनत करतो, पण आपल्या घरातली आत्याबाई कशी रुसते हे याला कुठून माहीत असणार? अशा एका जागेपायी सात वेळा फॉर्म भरला याने. आणि तिने एकवर टिचकी मारली. पुढचा प्रश्न वाचायला घेतला तेव्हा, सुटलो बाई, असंच तिला वाटलं.

बाहेर आल्यावर नईमभाईंनी हात जोडले. तुमच्यासारखं कोणी वाचलं नाही आजवर, म्हणाले. तुबा त्यांना धरून रिक्षाकडे घेऊन गेली. संध्या सिटी बसने घरी आली, आणि अश्विनने विचारलं तेव्हा म्हणाली की पेपर छान गेला.

तीन आठवड्यांनी उत्तरतालिका लागली. आजकाल त्यात सगळंच दिसतं, बरोबर उत्तर कोणतं आणि उमेदवाराने कोणतं निवडलं ते. अकोल्याहून फोन आला तेव्हा संध्या कुणाचातरी फोटो कापत होती. नईमभाई पेपर झाल्याच्या संध्याकाळीच शंभरच्या शंभर उत्तरं तुबाला आठवून सांगत आणि ती वहीत उतरून घेत असे. ही त्यांची नेहमीची पद्धत होती, आणि संध्याला ती माहीत नव्हती. आज तुबाने वही आणि पडदा ताडून पाहिला होता. नव्व्याण्णव जुळले होते.

"तेवीस नंबरले एक दिसून रायला, ताई," ते म्हणाले. "मी तीन म्हटलं होतं. माऊस घसरला असन."

संध्याने कात्री खाली ठेवली. पडद्यावर तोच पेपर उघडता येत होता. तिने त्यांचा नंबर टाकला, तेविसावा प्रश्न काढला. बरोबर उत्तर, तीन. निवडलेलं उत्तर, एक. लाल फुली.

"घसरला असन, भाऊ," ती म्हणाली. आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून पुढे म्हणाली, "तो माऊस लय ढिल्ला होता."

नईमभाई म्हणाले की असू द्या, होतं असं. फोन ठेवायच्या आधी तिला राहवलं नाही. माया कशावरून ओळखली, असं तिने विचारलं, उगाच, बोलायला काहीतरी म्हणून. ते म्हणाले, "भाजी गार झाली, म्हंजे वाढून लय वेळ झाला. बाई वाट पाहून रायली होती. आन् तो तवा काही तिनं स्वतासाठी नाही टाकला."

फोन बंद झाल्यावर संध्याने उतारा परत वाचला. सगळं तिथेच लिहिलेलं होतं. तिने "मान वर करून पाहिले नाही" इथवर वाचलं होतं आणि पुढची आत्याबाई आपल्या घरून आणून बसवली होती. शाळेत मास्तर घसा फोडून सांगायचे की उत्तर उताऱ्यात असतं, तुमच्या घरी नाही. तिने ते तेव्हाही सगळ्यांच्या आधी पाठ केलं होतं.

एक प्रश्न, दोन गुण. एवढ्याने काय होतं, असं तिने स्वतःला समजावलं. महिना-दीड महिना ते पुरलंही. मग निकाल लागला. निवडलेल्या उमेदवाराचे गुण एकशे चाळीस, नईमभाईंचे एकशे अडतीस. बरोबरी झाली असती तर वयाने मोठा असेल त्याला जागा मिळते, हा नियम संध्याने स्वतः शेकडो पोरांना समजावून सांगितला होता. निवडलेला मुलगा सव्वीस वर्षांचा होता.

तिने सगळं अश्विनला सांगितलं. तो बराच वेळ मशीनमधला कागद काढत राहिला. मग म्हणाला की आता बोलून काय होणार, त्या माणसाला माऊस वाटतोय तर माऊसच राहू दे. त्याचंही खोटं नव्हतं. पण संध्याच्या जिवाला चैन पडेना. आपण खात्याला अर्ज लिहावा, चूक माझी म्हणावं, वाटल्यास शिक्षा भोगावी, असं ठरवून तिने दुपारच्या रिकाम्या वेळेत लेखनिकांच्या सूचना उघडल्या. आठ वर्षांत त्या शेवटपर्यंत कधी वाचल्या नव्हत्या. सतराव्या कलमात लिहिलं होतं की लेखनिकाने स्वतःच्या मताने उत्तर दिल्याचं आढळल्यास उमेदवाराची उमेदवारी रद्द होईल आणि त्याला पुढील सर्व परीक्षांतून बाद करण्यात येईल. लेखनिकाला काय शिक्षा, याबद्दल एक ओळ नव्हती. तिने खरं सांगितलं असतं तर लबाड म्हणून नाव नईमभाईंचं लागलं असतं.

त्या दुपारी तिने जुन्या डायरीतून तेवीस जणांची नावं काढली. नोकरी लागली म्हणून कळवलेले चारच होते. नईमभाई सोडले तर उरलेले अठरा परत आलेच नव्हते, आणि नापास झालेला माणूस पेढे घेऊन येत नाही हे आजवर तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. कुणाकुणाचं कोणतं उत्तर बदललं, ते आता तिला आठवत नव्हतं. करिश्माचं तेवढं आठवत होतं. ते जन्मभर मिरवायला पुरेल म्हणून तिने जपून ठेवलं होतं, आणि बाकीच्यांचा तर विसरच पडला होता. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, बुधाजी दाराबाहेर बसले होते तेव्हाही नाही.

रविवारी ती सकाळच्या बसने अकोल्याला गेली. विचारत विचारत जुन्या शहरातलं दुकान सापडलं. कुर्बानभाई पुढे कापूस पिंजत होते, हवेत तंतू उडत होते. नईमभाई आत सतरंजीवर बसून नव्या गादीला टाके घालत होते. लांब सुई खालून वर निघायची, बोटं टाक्याचं अंतर मोजायची, दोरा ओढला जायचा. संध्याचा आवाज ऐकताच त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आईला, हलीमाबींना, हाक मारली आणि सांगितलं की अमरावतीच्या ताई आल्या, माझ्या पेपराला वाचणाऱ्या. म्हातारीने येऊन संध्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवले, बोटं कडाकडा मोडली. तुम्ही फुकटात एवढं करता, अल्ला तुमचं भलं करो, असं म्हणून ती चहा ठेवायला गेली. संध्याला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

चहा येईपर्यंत ती कापसाचा भाव आणि उन्हाळा यांवर बोलली. चहा संपला, हलीमाबी कप घेऊन गेल्या. आता बोलायचं राहिलेलं दुसरं काही नव्हतं.

"माऊस घसरला नव्हता, भाऊ," ती म्हणाली. "मी बदललं. तुमी तीन म्हटलं आन् मी एक केलं."

सुई गादीत अर्धी होती. नईमभाईंनी ती वर ओढली, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "हरेक उत्तराले तुमी माहा नंबर परत म्हनत होत्या. मी दोन म्हटलं की तुमी 'दोन' म्हना, मंग टिचकी वाजे. तेवीसले तुमी कायीच म्हटलं नाही. नुसती टिचकी आयकू आली."

संध्याला हे स्वतःबद्दल माहीतच नव्हतं. मग फोनवर माऊसचं का काढलं, असं तिने विचारलं. ते म्हणाले की तुम्हाला सांगायचं असेल तर तुम्ही सांगाल, नसेल तर मी विचारून काय करू.

मग त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "एक सांगा, ताई. उत्तर चुकीचं वाटलं होतं, का मी सांगून रायलो म्हून चुकीचं वाटलं?"

खोटं बोलायची सोय होती. दोन्हीही, म्हणता आलं असतं. पण माऊस ढिला होता म्हटल्यापासून तिला स्वतःच्या आवाजाची भीती बसली होती.

"तुमी सांगून रायले म्हून," ती म्हणाली. "तुमच्या घरी मराठी नाही, तुमाले हे काय समजन, असं वाटलं मले." तिने माफी मागितली, परत मागितली. खात्याला कळवलं तर उलट तुमचंच नाव खराब होईल, तेही तिने सांगितलं. मी तुमची नोकरी खाल्ली, असं ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली.

नईमभाईंनी तिला रडू दिलं. रागाचा एक शब्द ते बोलले नाहीत, आणि बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांची बोटं गादीच्या कडेवरून फिरत राहिली, पुढच्या टाक्याची जागा त्यांनी दोनदा मोजली.

"माहंबी चुकलंच," ते शेवटी म्हणाले. "नुसती टिचकी आयकली तवाच विचाराले पायजे होतं, ताई, काय दाबलं म्हून. जिभेवर आलं होतं माह्या."

"मंग काहून नाही विचारलं?"

"तुमी रागावल्या असत्या." हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. "अजून सत्त्याहत्तर प्रश्न रायले होते. ते मी कोनाकून वाचून घेतले असते?"

नाही हो, मी कशाला रागावते, असं म्हणायला संध्याने तोंड उघडलं. पण शेवटच्या दोन ओळी तिसऱ्यांदा वाचताना आपला आवाज कसा लागला होता, ते तिला आठवलं. त्यांनी विचारलं असतं तर तिने उत्तर बदलून दिलं असतं, आणि उरलेला सगळा पेपर भराभर, सपाट आवाजात वाचून काढला असता. एकही ओळ परत वाचली नसती. हे तिला जितकं नक्की माहीत होतं तितकंच त्या माणसालाही तिथे खुर्चीत बसल्या बसल्या कळलं होतं, आणि त्याने एका प्रश्नावर पाणी सोडून बाकीचे वाचवले होते.

"हो," ती म्हणाली. "रागावली असती."

नईमभाईंनी मान हलवली, सुईत नवा दोरा ओवला आणि पुढचा टाका घातला.